क्लचचं पेडल खाली बसलं तर

जुनी माझदा एमएक्स-५ बाळगणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतो. संध्याकाळी व्यवस्थित लावलेली गाडी सकाळी सुरू होते, पण क्लच दाबला की पेडलमध्ये जीवच नसतो. रिव्हर्स टाकायला गेलं की करकर आवाज. दोन-तीन वेळा भराभर पेडल मारलं की गिअर कसाबसा पडतो आणि माणूस कामाला निघून जातो. सिग्नलला उभं राहिल्यावर पहिला गिअर पडेना, की मग घाम फुटतो. बहुतेकांना वाटतं, क्लचप्लेट गेली. प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, आणि अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये त्याची मजुरी ऐकून गाडी विकायचे विचार सुरू होतात.

इतक्या लवकर विकू नका. या गाडीत अशा लक्षणांमागे प्लेट क्वचितच असते. क्लच दाबणारे दोन छोटे सिलिंडर आणि त्यांना जोडणारी नळी, एवढ्याच भागात बहुतेक वेळा बिघाड सापडतो. ते सगळं गिअरबॉक्सच्या बाहेर आहे, सुटे भाग स्वस्त आहेत, आणि हाताला थोडी सवय असलेल्या माणसाला सुट्टीच्या एका दिवसात हे काम घरी करता येतं. अवघड भाग दोनच: गंजलेला एक नट आणि नळीत अडकलेली हवा. म्हणून या लेखातली बरीच जागा त्या दोघांना दिली आहे.

एमएक्स-५ फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. हिरोशिमात तयार होणाऱ्या या दोन आसनी गाडीने २०१६च्या एप्रिलमध्ये दहा लाखांचा आकडा गाठला, त्यामुळे जुन्या गाड्या आणि त्यांचे भाग अजून मुबलक मिळतात. माझदाने ती भारतात कधी विकली नाही. पण परदेशात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना स्पोर्ट्स कारची हौस आहे आणि खिसा बेताचा आहे, त्यांच्यासाठी हिच्याइतकी शहाणी निवड दुसरी नाही, असं माझं मत आहे. पुढचं सगळं १९८९ ते २००५ या काळातल्या पहिल्या दोन पिढ्यांबद्दल आहे. तत्त्व मात्र हायड्रॉलिक क्लच असलेल्या कुठल्याही गाडीला लागू पडतं.

पेडलच्या पलीकडे, इंजिनाच्या खणात, केबिनच्या पत्र्याला मास्टर सिलिंडर बसवलेला असतो. त्याच्या डोक्यावर ब्रेक ऑइलची छोटी डबी असते. तुम्ही पेडल दाबलं की मास्टरमधला पिस्टन ऑइल पुढे ढकलतो. ते नळीतून गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं, तिथला पिस्टन एक छोटी दांडी बाहेर ढकलतो, ती दांडी क्लचचा फोर्क हलवते आणि प्लेट सुटते. मास्टरचा व्यास १५.८७ मिलिमीटर, स्लेव्हचा १९.०५. स्लेव्ह मोठा असल्याने त्याच्याकडे जोर जवळपास दीडपट येतो, पण त्याच हिशेबाने हालचाल कमी होते. फोर्कपाशी मुळात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचाच खेळ असतो. या नळीत १ मिलिलीटर हवा शिरली, तर दाबाखाली ती जवळजवळ नाहीशी होते आणि स्लेव्हच्या हालचालीतले सुमारे साडेतीन मिलिमीटर खाऊन टाकते. गिअर घासायला तेवढं पुरेसं आहे.

आधी दोष नेमका कुठे आहे ते ठरवा. इंजिनाचा वेग वाढतोय पण गाडी त्या मानाने पळत नाही, चढावर हे जास्त जाणवतं, असं असेल तर प्लेट घसरते आहे आणि हा लेख तुमच्या कामाचा नाही. उलट, पेडल पूर्ण दाबूनही प्लेट सुटत नसेल, गिअर घासत असेल, पेडल अगदी तळाशी पकड घेत असेल, तर ऑइलच्या वाटेकडे बघा. बॉनेट उघडून डबीतली पातळी पाहा. पातळी उतरली असेल तर ऑइल कुठे तरी गेलंच आहे, वर भर घालून प्रश्न सुटणार नाही. गिअरबॉक्सच्या बाजूला, स्लेव्हच्या टोकाला रबराची टोपी असते. ती बोटाने जरा मागे सारा. आत ओलं असेल किंवा काळपट थेंब गळाला, तर स्लेव्हचं रबर गेलं. मग ड्रायव्हरच्या पायाशी वाका आणि पेडलच्या वर, जिथे मास्टरची दांडी पत्र्यातून आत येते, तिथे बोट फिरवून पाहा. बोट ओलं झालं किंवा गालिचावर बुळबुळीत डाग दिसला, तर मास्टर गळतोय.

कधी कधी दोन्ही कोरडे असतात आणि तरीही पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं. तेव्हा मास्टरचं रबर आतल्या आत ऑइल मागे सोडत असतं. ही खूण बाहेरून दिसत नाही म्हणून लोक फसतात. इंजिन सुरू ठेवून, हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाका आणि क्लच पूर्ण दाबून अर्धा मिनिट तसाच धरा. गाडी पुढे ओढायला लागली, तर दाब टिकत नाही हे नक्की. समोर मोकळी जागा असेल तेव्हाच हे करा आणि दुसरा पाय ब्रेकवर असू द्या.

आता खरेदी. स्लेव्ह गळतोय म्हणून फक्त स्लेव्ह बदलायचा मोह होतो. माझा सल्ला आहे की मास्टर, स्लेव्ह आणि मधला रबरी होज, तिन्ही एकदम बदलावेत. तिघांचं वय एकच असतं. शिवाय एअर, म्हणजे नळीतली हवा, काढताना तुम्ही पेडल तळापर्यंत पुन्हा पुन्हा मारता, तेव्हा मास्टरचा पिस्टन सिलिंडरच्या अशा भागात शिरतो जिथे तो वर्षानुवर्षं गेलेला नसतो. तिथे गंज किंवा खळगे असतात आणि त्यात जुनं रबर कापलं जातं. स्लेव्ह नवा बसवला आणि थोड्याच दिवसांत मास्टर गेला, ही तक्रार त्यामुळेच इतकी ऐकू येते. आपल्याकडचे मेकॅनिक पूर्वी सर्रास रबर किट टाकून जुना सिलिंडर पुन्हा चालवत. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तर तेही चालतं. पण नखाला ओरखडा लागला तर किटवर पैसे घालू नका. मूळचा होज रबरी असतो. त्याच्याऐवजी स्टीलच्या जाळीचा होज घेतला तर पुढच्या वेळी एक जोड कमी सोडवावा लागतो, आणि पेडलही जरा टणक लागतं.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद बाटलीतलं. अर्धा लिटर पुरतं. अर्धवट वापरून गॅरेजमध्ये ठेवलेली जुनी बाटली घेऊ नका, कारण हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. कोरडं डॉट ३ निदान २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० अंशांच्या आसपास. क्लचमध्ये उकळण्याची वेळ सहसा येत नाही, पण ते पाणी सिलिंडर आतून गंजवतं. डॉट ५ हा सिलिकॉनचा प्रकार वेगळा, तो यात मिसळायचा नाही. आणि इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही नाही. त्याने रबर फुगतं आणि एका दिवसात सगळे सील निकामी होतात.

गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. पुढचा भाग जॅकने उचला आणि दोन्हीकडे मजबूत स्टँड दिल्याशिवाय खाली शिरू नका. स्टँड नेमके कुठे द्यायचे ते गाडीच्या पुस्तकात दाखवलेलं असतं, दाराखालच्या पत्र्याची मजबूत केलेली जागा सोडून इतरत्र दिलेत तर पत्रा चेपेल. स्टँडवर गाडी बसली की ती हाताने जोरात हलवून बघा. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे. उजवं पुढचं चाक काढलंत तर हात शिरायला जास्त जागा मिळते. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण खालून वर बघताना थेंब थेट डोळ्यात येतो. हे ऑइल रंगाचाही शत्रू आहे. फेंडरवर ओली चादर टाकून ठेवा आणि सांडलं तर पुसत बसण्याऐवजी भरपूर पाणी ओता.

आता तो नट. धातूची नळी सिलिंडरला जिथे जोडलेली असते तिथे १० मिलिमीटरचा छोटा नट असतो. तो मऊ धातूचा असतो, आतून पोकळ असतो, आणि वर्षानुवर्षं मीठ टाकलेल्या रस्त्यांवर धावलेल्या गाडीत जागच्या जागी चिकटलेला असतो. साधा फिक्स पाना त्याच्या दोनच कडा पकडतो. जोर लावला की कोपरे गोल होतात आणि मग कुठलाच पाना बसत नाही. म्हणून एकच खास हत्यार विकत घ्या: फ्लेअर नटचा पाना. तो रिंग पान्यासारखा असतो, फक्त नळी आत घालता यावी म्हणून एका बाजूने कापलेला. आदल्या रात्री नटावर जाम सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी तारेच्या ब्रशने त्याच्याभोवतीचा गंज झाडा, पुन्हा स्प्रे मारा.

सोडवायची वेळ आली की स्लेव्ह अजून गिअरबॉक्सला घट्ट बसलेला असू द्या. तो सुटा झाला की हातात फिरतो आणि नट सोडवायला आधार राहत नाही. पान्याला झटका द्या, पण छोटा आणि कोरडा. नट हलला आणि नळीही त्याच्याबरोबर पिळायला लागली, तर तिथेच थांबा. नट नळीला चिकटला आहे, पुढे फिरवलंत तर नळी पिळून फुटेल. अशा वेळी नट किंचित घट्ट, किंचित सैल, परत घट्ट असा मागेपुढे करत, मध्ये मध्ये स्प्रे मारत त्याला नळीवर मोकळा करावा लागतो. अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. एवढं करूनही तो ऐकला नाही तर स्टीलच्या जाळीचा पूर्ण लांबीचा होज घ्या आणि जुनी नळी कापून टाका. कोपरे गोल करून मग करवत हातात घेण्यापेक्षा हा निर्णय आधी घेतलेला बरा.

नट सैल झाला की खाली भांडं ठेवा. मग १२ मिलिमीटरच्या पान्याने स्लेव्हचे दोन बोल्ट काढा, तो निमूटपणे हातात येतो. आतली दांडी जपून ठेवा. नव्या सिलिंडरबरोबर दांडी आली असेल तर दोन्ही शेजारी धरून लांबी ताडून पाहा. वेगळी असेल तर जुनीच वापरा. दांडीच्या टोकाला, जिथे ती फोर्कच्या खळग्यात बसते, वाटाण्याएवढं ग्रीस लावा. आणि स्लेव्ह सुटा असताना कुणालाही पेडलला हात लावू देऊ नका, पिस्टन उडून बाहेर येईल. नवा सिलिंडर बसवताना नळीचा नट आधी बोटांनीच दोन-तीन फेरे आत जाऊ द्या. बोटांनी जात नसेल तर आटे तिरके लागले आहेत. पाना लावून जबरदस्ती केलीत तर नव्या सिलिंडरचे आटे जातील. होज बँजो बोल्टने, म्हणजे आतून पोकळ बोल्टने, जोडलेला असेल तर तांब्याचे वॉशर नवे घ्या.

मास्टरबद्दल थोडक्यात. काम सोपं, जागा वाईट. त्याला धरून ठेवणाऱ्या नटांपैकी एक पेडलच्या वर, डॅशबोर्डखाली हात घालूनच मिळतो. ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सरकवा, पाठीवर आडवे होऊन डोकं पेडलांखाली घाला, कपाळाला टॉर्च बांधा आणि लांब एक्स्टेन्शन लावलेला सॉकेट वापरा. पन्नाशीच्या पुढच्या माणसाने हे काम एखाद्या सडपातळ पुतण्याकडे सोपवावं. काढण्याआधी डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून घ्या, नाहीतर ते पत्र्यावरून खाली ओघळून रंग खाईल.

नवा मास्टर गाडीत बसवण्याआधी टेबलावरच त्याची एअर काढून घ्या. तो हलक्या हाताने शिकंज्यात धरा, डबीत ऑइल भरा, नळीच्या तोंडावर बोट ठेवा आणि बोथट दांडीने पिस्टन सावकाश आत दाबा. दाबताना बोट किंचित उचला, सोडताना घट्ट बंद करा. बुडबुडे यायचे थांबले की मास्टर तयार. हा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि नंतर दोन तास पेडल मारत बसतात.

एअर काढताना अडचण एवढीच, की हवेला वर जायचं असतं आणि तुम्ही ऑइल खाली ढकलत असता. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत मास्टर डावीकडे आणि स्लेव्ह उजवीकडे, म्हणून नळी आडवी लांब जाते आणि वळणावळणात बुडबुडे दडून बसतात. उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत नळी आखूड, त्यामुळे इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या वाचकांचं काम जरा लवकर आटोपेल.

सुरुवात घाई न करता करा. डबी भरा, झाकण नुसतं वर ठेवा, स्लेव्हच्या निप्पलला, म्हणजे हवा सोडायच्या तोंडाला, पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा, निप्पल उघडा आणि वाट बघा. पंधरा-वीस मिनिटांत ऑइल आपल्या वजनानेच झिरपत खाली येतं आणि बरीच हवा घेऊन येतं. मग पेडलवर कुणाला तरी बसवा. गाडीची माहिती नसलेलं माणूस उलट चांगलं, सांगाल तेवढंच करतं. तुम्ही खालून म्हणायचं, "दाब." त्याने पेडल तळापर्यंत नेऊन म्हणायचं, "दाबलं." तुम्ही निप्पल पाव फेरा उघडायचा, बुडबुडे जाऊ द्यायचे, निप्पल बंद करायचा, आणि मगच म्हणायचं, "सोड." निप्पल उघडा असताना पेडल सुटलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. सुरुवातीला पेडल आपोआप वर येत नाही. त्याला पायाच्या बोटांनी किंवा हाताने वर उचलावं लागतं. डबी लहान आहे, दर चार-पाच फेऱ्यांनंतर भर घाला. ती एकदा रिकामी झाली की मास्टरमध्ये हवा शिरलीच.

बुडबुडे थांबले तरी पेडल मऊच लागत असेल, तर स्लेव्हचे दोन बोल्ट काढा आणि नळी न सोडवता तो खाली लोंबू द्या. निप्पलचं तोंड वर येईल असा धरा आणि दांडीने पिस्टन सावकाश पूर्ण आत दाबा. आतली हवा नळीतून वर डबीत निघून जाते, डबीत बुडबुडे उठताना दिसतात. दाबण्याआधी डबीतलं थोडं ऑइल काढून घ्या, नाहीतर ते उतू जाईल. पिस्टन आत दाबून धरूनच सिलिंडर परत बसवा. माझा कल आता याच पद्धतीकडे आहे, मदतनीसही लागत नाही. हट्टी गाडीत सिरिंज आणि नळीने निप्पलमधूनच ऑइल खालून वर ढकलतात, तेही उत्तम चालतं.

शेवटी पेडलची ढिलाई तपासा. बोटाने पेडल दाबलं की पहिले काही मिलिमीटर ते बिनविरोध हलायला हवं आणि मग पेडलची दांडी मास्टरच्या पिस्टनला टेकायला हवी. पेडल अजून खाली पकडतंय म्हणून लोक दांडी लांब करत जातात आणि ही ढिलाई संपवून टाकतात. मग पिस्टन पूर्ण मागे येत नाही, डबीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं, ऑइल तापून फुगलं की त्याला परत जायला वाट नसते आणि क्लच अर्धवट दाबल्यासारखा राहतो. नवी प्लेटसुद्धा त्यात घसरून जळते. मापं तुमच्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, बोल्ट कसण्याची मापंही तिथेच मिळतील.

एमएक्स-५वर हे जमलं म्हणून दुसऱ्या स्पोर्ट्स कारला लगेच हात घालू नका. निसान ३७०झेडमध्ये स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो गळला की गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि तो गळतो हे त्या गाडीचे मालक चांगलं जाणतात. शेवरले कॉर्व्हेटच्या १९९७नंतरच्या पिढ्यांत तर गिअरबॉक्स मागच्या चाकांकडे आहे, तिथे हे काम अंगणात होत नाही. पोर्शे ९११च्या ९९६ टर्बोत क्लचला पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलची मदत असते, त्यात ब्रेक ऑइल ओतलं तर बिल पाहून झोप उडेल. कुठल्याही गाडीची डबी उघडण्याआधी झाकणावर काय छापलं आहे ते वाचा. अनेक नव्या गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते, तिथली चूक ब्रेकपर्यंत पोचते.

चाक परत लावून, गाडी खाली उतरवून पहिली फेरी घराजवळच मारा. पेडलने तळापासून बऱ्यापैकी वर पकड घ्यायला हवी, आणि थांबलेल्या गाडीत क्लच दाबून दोन सेकंदांनी रिव्हर्स आवाज न करता पडायला हवा. रात्री स्लेव्हखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर डाग असेल तर नट आणखी किंचित कसा. डाग नसला तरी डबीतली पातळी आठवडाभर रोज बघा आणि ऑइल दर दोन वर्षांनी बदला. निघालेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका, झाकणाच्या बाटलीत भरून पालिकेच्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्या.